साध्या हॅलोजनवरून अ‍ॅडॅप्टिव्ह हेडलाइट: दादाच्या गाडीचं अख्खं प्रकरण

दादाची गाडी दहा वर्षं जुनी, मॉडेलमधलं खालचं व्हेरिएंट, म्हणजे रिफ्लेक्टरवाले हेडलाइट आणि आत एच७चा हॅलोजन बल्ब. गाडी उत्तम ठेवलेली. पण त्याचं रात्रीचं ड्रायव्हिंग जास्त, रस्ता सगळा वळणांचा, आणि वय आता पन्नाशीचं. एकदा रात्री उशिरा आला आणि म्हणाला, "सरळ रस्त्याला काही त्रास नाही रे, पण वळण आलं की मी अंधारात गाडी घालतो." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यानंतर जे काही केलं ते सगळं इथे लिहून ठेवतोय, चुकांसकट, कारण आमची सगळ्यात मोठी चूक अशी होती की जी कुणाच्याही लक्षात न येता वर्षभर चालू राहू शकली असती.

आधी त्याच्या त्या वाक्याचा हिशोब करून बघितला. समजा वळणाची त्रिज्या ६० मीटर आहे. गाडीचा लो बीम नाकासमोर सरळ पडतो, रस्ता मात्र बाजूला सरकत जातो. ३० मीटर पुढे गेल्यावर रस्ता त्या सरळ रेषेपासून साधारण साडेसात मीटर बाजूला गेलेला असतो, म्हणजे आपण ज्यावर प्रकाश टाकतोय तो रस्ताच नसतो, कठडा नाहीतर झुडपं असतात. ४० च्या स्पीडने ते ३० मीटर पावणेतीन सेकंदात संपतात. आणि त्या ३० मीटरवरच्या रस्त्याकडे बघायला दिवा किती वळायला हवा, तर जेमतेम १४ अंश. गाड्यांमधले वळणारे प्रोजेक्टर, म्हणजे पुढे भिंग असलेले दिवे, साधारण १५ अंशांपर्यंत वळतात ते उगाच नाही, हा आकडा रस्त्यातूनच आलेला आहे. दादा बरोबर बोलत होता, तो खरंच अंधारात गाडी घालत होता.

आता "अ‍ॅडॅप्टिव्ह" या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्या मिक्स करतात. एक म्हणजे स्टीयरिंगप्रमाणे दिवा वळणं, याला एएफएस म्हणतात. दुसरी म्हणजे हाय बीम चालू ठेवून समोरच्या गाडीपुरता अंधार करणं, त्याला एडीबी म्हणतात, मॅट्रिक्स हेडलाइट म्हणतात ते हेच. ऑडीने २०१३ मध्ये ए८ला मॅट्रिक्स एलईडी दिले, आणि अमेरिकेत तर एडीबीला परवानगी २०२२ मध्ये मिळाली. त्याला विंडशील्डवरचा कॅमेरा लागतो, तो कॅमेरा कॅलिब्रेट करावा लागतो, हेडलाइटमधला एकेक एलईडी सांभाळणारं कंट्रोलर लागतं आणि हे सगळं गाडीच्या मेन कॉम्प्युटरला आपलं म्हणून मान्य व्हावं लागतं. ज्या गाडीत कॅमेराच नाही तिच्यात घरी बसून हे करायला जाऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. दादाची अडचण वळणाची होती, ती एएफएसने सुटणार होती, आणि त्याच मॉडेलच्या टॉप व्हेरिएंटला कंपनीकडूनच वळणारे बाय-झेनॉन प्रोजेक्टर, म्हणजे एकाच झेनॉन बल्बमधून लो आणि हाय दोन्ही बीम देणारे, येत होते. म्हणजे गाडीच्या अंगात जागा होती, ब्रॅकेट तेच, बंपर तोच.

दादाचा पहिला प्रश्न, "हे नवीन फॅड आहे का?" नवीन अजिबात नाही. सित्रोएन डीएसने १९६७ मध्येच आतले दोन दिवे स्टीयरिंगला जोडून वळते केले होते, इलेक्ट्रॉनिक्स नाही, सरळ यांत्रिक जोडणी. आणि त्याच गाडीत बाहेरचे दोन दिवे सस्पेंशनला जोडलेले होते, म्हणजे गाडीचं नाक वर झालं किंवा खाली गेलं तरी दिव्याची पातळी तीच राहायची. मी हे दादाला सांगितलं तेव्हा माझं सगळं लक्ष पहिल्या अर्ध्यावर होतं, दिवा वळतो कसा यावर. दुसरा अर्धा किती महत्त्वाचा आहे ते पुढे भिंतीवर कळलं.

सोपा मार्ग सगळ्यांनी सुचवला, त्याच रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन किंवा एलईडीचा बल्ब टाक. नाही टाकला. रिफ्लेक्टरचा प्रत्येक पैलू हॅलोजनची फिलामेंट नेमकी कुठे आहे ते धरून बनवलेला असतो, प्रकाशाची जागा आणि आकार बदलला की कटऑफची रेष, म्हणजे जिथे उजेड संपून वरचा अंधार सुरू होतो ती, फाटते आणि उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यात उडतो. आतून चालवणाऱ्याला मस्त उजेड वाटतो, त्याचा त्रास समोरचा भोगतो. मला हे मनापासून पटत नाही. बदलायचं तर पूर्ण हेडलाइट, त्याच्या लेव्हलिंगसकट, म्हणजे गाडी झुकली तरी दिव्याची पातळी तीच ठेवणाऱ्या यंत्रणेसकट. युएनच्या रेग्युलेशन ४८ मध्ये, म्हणजे गाडीवरच्या दिव्यांच्या नियमांत, वर्षानुवर्षं असा नियम आहे की लो बीमचा सोर्स २००० ल्युमेनच्या वर असेल तर ऑटोमॅटिक लेव्हलिंग आणि हेडलाइट वॉशर दोन्ही लागतं. एच७ हॅलोजन साधारण १५०० ल्युमेन देतो, डी१एस झेनॉन ३२०० च्या आसपास, आणि तेही ५५ ऐवजी ३५ वॉटमध्ये. दुपटीपेक्षा जास्त उजेड हातात येतो तेव्हा तो कुठे पडतोय याची जबाबदारीही तेवढीच वाढते.

पार्ट घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासली जी बरेच जण तपासत नाहीत. वळणाऱ्या दिव्याला कळायला हवं की स्टीयरिंग किती फिरलंय, स्पीड किती आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय. ही माहिती गाडीत आधीच फिरत असते का? दादाच्या गाडीत ईएससी होतं, गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, म्हणजे स्टीयरिंग अँगल सेन्सर आणि गाडी किती वळतेय ते मोजणारा यॉ सेन्सर आधीपासून बसलेले, त्यांचा डेटा कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांना जोडणाऱ्या वायरींवर, येत होता. गाडीच्या कॉम्प्युटरमधला डेटा वाचणारा स्कॅनर लावून स्टीयरिंग फिरवलं, अंश बदलताना दिसले, मगच पुढे गेलो. ईएससी नसतं तर हा प्रोजेक्ट मी तिथेच सोडला असता.

सेट मिळाला तो मोडीत काढलेल्या टॉप व्हेरिएंटमधून: दोन हेडलाइट बॅलास्टसकट (झेनॉनला लागणारं व्होल्टेज तयार करणारा डबा), लेव्हलिंगचं मॉड्यूल, पुढचा मागचा असे दोन लेव्हल सेन्सर, वॉशरचे नोझल आणि पंप. घेण्याआधी काचेवर टॉर्च मारून मार्किंग वाचलं. गोलात ई आणि नंबर असतो त्याच्याजवळ बाण आहे का ते बघायचं. बाण नसेल तर तो दिवा उजव्या बाजूने गाड्या चालतात त्या देशांसाठी, आणि बाण असेल, म्हणजे दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर आपल्या उजवीकडे जाणारा, तर डाव्या बाजूने चालणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे टोक असलेला बाण म्हणजे दोन्हीला चालणारा. लो बीमची रेष एका बाजूला वर चढते, ती रस्त्याच्या कडेकडे चढायला हवी. चुकीचा सेट बसवला तर ती चढण बरोबर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाते आणि कितीही स्क्रू फिरवा, ते दुरुस्त होत नाही. आम्हाला दाखवलेला पहिला सेट असाच उलटा होता, दिसायला नवाकोरा, परत दिला.

बसवायचं काम दोन सुट्ट्यांच्या दिवसांत झालं. बॅटरीची वायर काढली, थोडा वेळ थांबलो, मग बंपर उतरवला. हे थांबणं टाळू नका, झेनॉनचा बल्ब पेटताना २० हजार व्होल्टच्या वर झटका देतो, आणि बंपरच्या मागच्या भागात एअरबॅगचे क्रॅश सेन्सरही असतात, कनेक्टर सुटे असताना इग्निशन चालू करायचंच नाही. जुने हेडलाइट तीन तीन बोल्टवर होते, पटकन निघाले. नवीन त्याच जागी बसले, बंपरची फटही जशीच्या तशी, हे बघून फार बरं वाटलं. वॉशरचे पाइप आणि पंप हे निव्वळ मेहनतीचं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी वेळ खाल्ली वायरिंगने. हॅलोजनचा कनेक्टर आणि एएफएसचा कनेक्टर दोन्ही वेगळे, पिनांची संख्या वेगळी आणि क्रमही वेगळा. वायरिंग डायग्राम समोर ठेवून एकेक वायर ओळखली, इंडिकेटर, पार्किंग, लो बीम, अर्थ, आणि नवीन वायरी म्हणजे बाय-झेनॉनच्या झडपेची, वळणाऱ्या मोटरच्या सप्लायची आणि मॉड्यूलकडून येणारी डेटाची जोडी. ही डेटाची जोडी एकमेकींभोवती पिळलेलीच न्यायची, सुट्या सरळ वायरी नेल्या तर आजूबाजूचा इलेक्ट्रिकल गोंगाट आत शिरतो. मॉड्यूल डॅशबोर्डखाली, तिथून मागच्या सेन्सरपर्यंत वायर दाराच्या पट्टीखालून. कुठेही वायर तासून, गुंडाळून, टेप मारून जोड दिला नाही, सगळीकडे योग्य टर्मिनल क्रिंप केले आणि फ्यूज वेगळा दिला.

कोडिंगबद्दल, म्हणजे गाडीच्या कंट्रोलरमधली सेटिंग बदलण्याबद्दल, एकच मुद्दा सांगतो कारण तो न केल्याने बॅलास्ट जातात. या गाडीचा बॉडी कंट्रोलर, म्हणजे दिवे वगैरे चालवणारा कॉम्प्युटर, हॅलोजनला सलग करंट देत नाही, तो सेकंदाला कित्येक वेळा चालू-बंद करत देतो म्हणजे बल्ब जास्त टिकतो, आणि दिवे बंद असतानाही मधूनमधून छोटा पल्स पाठवून बल्ब जिवंत आहे का तपासतो. बॅलास्टला हे सहन होत नाही, त्याला सलग बॅटरी व्होल्टेज पाहिजे. म्हणून दिवे पहिल्यांदा लावायच्या आधी कंट्रोलरमध्ये हॅलोजनच्या जागी झेनॉन निवडलं. आधीच्या कोडिंगचा फोटो काढून ठेवला, हे नेहमी करावं.

पहिल्यांदा इग्निशन दिलं तेव्हा दादा गाडीसमोर उभा होता. दिवे पेटले, एकदम निळसर, मग हळूहळू पांढरे, कटऑफ खाली गेला, वर आला, आणि डावा प्रोजेक्टर डोळा फिरवावा तसा बाजूला जाऊन परत आला. उजवा जागचा हलला नाही. डॅशवर वॉर्निंग. स्कॅनरमध्ये उजव्या दिव्याच्या मोटरकडून उत्तर नाही असा फॉल्ट. माझ्या मनात लगेच आलं की मोटर मेलेली मिळाली. पण मोटर उघडायच्या आधी कनेक्टर काढून तोंडाकडून बघितला, शेजारच्या पिना एका ओळीत आणि त्यातली एक बाकीच्यांपेक्षा साधारण दोन मिलिमीटर आत. मी ती घातली होती पण लॉक झाली नव्हती, कनेक्टर जोडताना ती मागे ढकलली गेली. टर्मिनल बसताना बारीक टक्क असा आवाज येतो आणि त्यानंतर वायर हलकेच ओढून बघायची, मी बाकी सगळ्या ओढून बघितल्या होत्या, ही राहिली. परत घातली, टक्क झालं, फॉल्ट क्लिअर केला, दोन्ही डोळे फिरले. दादा टाळ्या वाजवायला लागला.

इथे बरेच जण थांबतात, मीही जवळपास थांबलो होतो.

संध्याकाळी दिवे सेट करायला घेतले. सपाट फरशी, भिंतीपासून पाच मीटर, टायरची हवा बरोबर, टाकी अर्धी, सीटवर दादा. गाडी चारी कोपऱ्यांवर दाबून हलवून सोडली म्हणजे सस्पेंशन आपल्या जागी बसतं. हेडलाइटच्या मध्याची उंची जमिनीपासून ६५ सेंटीमीटर, भिंतीवर त्या उंचीला मास्किंग टेपची रेष, आणि तिच्या पाच सेंटीमीटर खाली दुसरी. एक टक्का उतार म्हणजे मीटरमागे एक सेंटीमीटर, पाच मीटरला पाच. स्कॅनरने लेव्हल सेन्सरना "ही गाडीची मूळ स्थिती" असं शिकवलं आणि मग स्क्रूने कटऑफ खालच्या टेपवर आणला. रेष सुरीने कापल्यासारखी, दोन्ही बाजू सारख्या. फोटो काढण्यासारखं दृश्य होतं.

मग वहिनी म्हणाली, "आम्ही सगळे बसलो तर?" तिने सहज विचारलं, आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच ठरला. वहिनी आणि दोन्ही पोरं मागे बसली, डिकीत वाळूच्या दोन गोण्या टाकल्या, मागचा मडगार्ड मोजला तर चार सेंटीमीटर खाली आलेला, पुढची बाजू जवळपास होती तिथेच. लेव्हलिंगने हे ओळखून दिवे खाली घ्यायला पाहिजे होते म्हणजे रेष टेपवरच राहिली असती. मी भिंतीकडे बघितलं तर रेष वरच्या टेपच्याही वर.

टेप लावून मोजलं, पंधरा सेंटीमीटर वर गेली होती. आता हा आकडा महत्त्वाचा आहे. गाडीच्या पुढच्या मागच्या चाकांमधलं अंतर २.६ मीटर, मागची बाजू ४ सेंटीमीटर खाली, म्हणजे गाडी साधारण दीड टक्का मागे झुकली. पाच मीटरवर त्याचे होतात पावणेआठ सेंटीमीटर. लेव्हलिंग नुसतं बंद असतं तर रेष पावणेआठ वर गेली असती. ती बरोबर दुप्पट गेली. म्हणजे लेव्हलिंग बंद नव्हतं, ते पूर्ण ताकदीने काम करत होतं आणि उलट्या दिशेने करत होतं. मागे वजन वाढलं की त्याला वाटत होतं मागची बाजू उचलली गेली, म्हणून ते दिवे आणखी वर घेत होतं. स्कॅनरमध्ये एकही फॉल्ट नाही, कारण सेन्सरचा व्होल्टेज आपल्या हद्दीतच होता, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक.

गाडीखाली गेलो तेव्हा दोन मिनिटांत कळलं. मागच्या सेन्सरला खालच्या व्हेरिएंटमध्ये तयार भोकं नव्हती म्हणून मी पट्टीचा ब्रॅकेट बनवला होता, आणि वायर सोयीची पडावी म्हणून सेन्सर फिरवून लावला होता. त्याची छोटी दांडी गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून हवी होती, ती पुढच्या बाजूला होती. सस्पेंशनचा हात वर गेला की दांडीही वर जात होती, पण दांडीचं तोंड उलटं असल्याने सेन्सरचा खुंटा उलट्या दिशेला फिरत होता. रिकाम्या गाडीत मूळ स्थिती शिकवताना शून्य बरोबर लागलं, त्यामुळे रिकाम्या गाडीत भिंतीवर सगळं सुरेख दिसलं. एकटा दादा गाडी चालवत असता तर कधीच कळलं नसतं. ज्या रात्री अख्खं कुटुंब मागे बसलं असतं त्या रात्री कटऑफ खाली उतरायच्या ऐवजी दोन टक्क्यांनी वर चढत गेला असता, म्हणजे पंचवीस मीटरवर ११७ सेंटीमीटर उंचीला, जिथे समोरच्या साध्या गाडीतल्या माणसाचे डोळे असतात. तेही ३२०० ल्युमेनच्या दिव्याने. हे गणित झाल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून होतो. दादा काही बोलला नाही, त्याने फक्त पाना हातात दिला.

ब्रॅकेट नवीन केला, दांडी योग्य दिशेला, आणि गाडी मोकळी असताना दांडी आपल्या पूर्ण फिरण्याच्या साधारण मध्यावर येईल असा रॉड अ‍ॅडजस्ट केला, म्हणजे दोन्हीकडे तिला जागा राहते. स्कॅनरवर मागच्या सेन्सरचा व्होल्टेज उघडून ठेवला, दादाने मागचा बंपर दाबला, मी आकडा बघितला, मग पुढच्या बाजूला तेच. डायग्रामप्रमाणे आकडा ज्या दिशेला जायला पाहिजे त्याच दिशेला गेला. पुन्हा मूळ स्थिती शिकवली, पुन्हा टेपवर रेष आणली, पुन्हा वहिनी, पोरं आणि गोण्या. बसताना रेष वर उचलली, मोटरचा बारीकसा आवाज आला आणि रेष सावकाश खाली येऊन टेपवर टेकली. धाकटी तेव्हापासून दोनतीनदा उतरून परत बसली, फक्त ती रेष खाली येताना बघायला.

कुणी हे करणार असेल तर माझा आग्रह आहे की भिंतीवरची टेस्ट वजन टाकून करा, रिकाम्या गाडीतली टेस्ट या बाबतीत काहीच सांगत नाही. दिवा वळतोय का हे कुणालाही दिसतं, लेव्हल कुठल्या दिशेला जातेय ते मुद्दाम मोजल्याशिवाय दिसत नाही.

त्यानंतर रस्त्यावर. या मॉड्यूलमध्ये गाडी उभी असताना दिवे वळत नाहीत, म्हणून अंगणात स्टीयरिंग फिरवून काही दिसणार नाही, ते बघून घाबरू नका. चालत्या गाडीत वळणाच्या आतल्या बाजूचा दिवा जास्त वळतो, बाहेरच्या बाजूचा कमी, त्यामुळे उजेड बाजूला पसरतो पण समोरचा रस्ता रिकामा पडत नाही. दादाने नेहमीचं वळण घेतलं आणि वळण संपायच्या आत पुढची कडेची पांढरी पट्टी दिसली, पूर्ण, शेवटपर्यंत. त्याने गाडी हळू केली आणि म्हणाला, "ही पट्टी इथे आहे हेच मला माहीत नव्हतं."

कागदाचं कामही केलं. हेडलाइट बदलणं हा बऱ्याच ठिकाणी गाडीतला नोंद करण्यासारखा बदल धरला जातो, टाइप अप्रूव्हलचा, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेल्या सरकारी मंजुरीचा, प्रश्न येतो, म्हणून काचेवरच्या मार्किंगचे फोटो, वायरिंगचा नकाशा आणि बीम तपासणीच्या मशीनवरचा रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवला, इन्शुरन्सला लेखी कळवलं. बीमची तपासणी मशीनवर करून घ्या, भिंत चांगली असते पण मशीन ती मशीन. जुने झेनॉन बल्ब कचऱ्यात टाकायचे नाहीत, डी१एसमध्ये पारा असतो.

शेवटची टेस्ट माझ्या समाधानासाठी केली. मोकळ्या सरळ रस्त्यावर दादाची गाडी सगळी माणसं आणि गोण्या घालून उभी केली, मी माझी गाडी समोर दहा मीटरवर आणून दिवे बंद करून सीटवर नेहमीसारखा बसलो. दादाने लो बीम लावला. माझ्या बंपरपर्यंत उजेड, त्याच्यावर अंधार, त्याची नंबर प्लेट वाचता येत होती. मग मी फोन करून त्याला सांगितलं की आता मागची सगळी उतरा, आणि ती उतरेपर्यंत रेष माझ्या बंपरवरून खाली घसरली आणि परत हळूहळू वर येऊन तिथेच थांबली.